चौदा महिन्यांचं बाळ, गाण्याचा ताल आणि खाली पडलेला चिमटा

बाळ जन्माला यायच्या आधीच हल्ली घराघरांत एक चर्चा सुरू होते: त्याला ऐकवायचं काय? गर्भसंस्काराची ॲप्स आहेत, ‘मेंदूच्या विकासासाठी’ असं लिहिलेले यूट्यूबवरचे तासन्‌तास चालणारे व्हिडिओ आहेत, रडं थांबवणारे स्पीकर आहेत, व्हॉट्सॲपवरून येणारा मोझार्ट आहे. आजी म्हणते, अंगाई म्हणा. बाळाचे बाबा म्हणतात, प्लेलिस्ट तयार आहे. दोघांच्याही मनात एक गोष्ट पक्की असते, की संगीताने बाळ हुशार होतं.

गेल्या वीसेक वर्षांत लहान मुलं आणि संगीत या विषयावर जे काम झालं आहे, त्यातला मला सगळ्यात मोलाचा वाटणारा भाग हुशारीबद्दल नाहीच. तो माणसांबद्दल आहे. आपलं कोण, कोणाच्या मदतीला धावायचं, कोणाकडे टक लावून बघायचं, हे ठरवायला तान्ही मुलंसुद्धा गाण्याचा आणि तालाचा उपयोग करतात असं या प्रयोगांतून दिसतं. पालकांपर्यंत हे पोहोचतच नाही, कारण यात विकण्यासारखं काही नाही.

आधी मोझार्टचा निकाल लावू

१९९३ साली ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत फ्रान्सिस राउशर आणि सहकाऱ्यांचा एक छोटासा लेख आला. ३६ कॉलेज विद्यार्थ्यांना दहा मिनिटं मोझार्टची दोन पियानोंसाठीची एक रचना ऐकवली. त्यानंतर घडी घातलेला कागद कापून उलगडला तर कसा दिसेल, अशा प्रकारची कोडी त्यांनी थोडी बरी सोडवली. हा परिणाम दहा-पंधरा मिनिटांत ओसरला.

लेखाचा मजकूर एवढाच. त्यात बाळ कुठेच नव्हतं. तरी बातमी पसरत गेली आणि १९९८ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याचे गव्हर्नर झेल मिलर यांनी राज्यात जन्मणाऱ्या प्रत्येक बाळाला संगीताची सीडी किंवा कॅसेट देण्यासाठी १,०५,००० डॉलरची तरतूद मागितली. पुढे इतर संशोधकांनी तपासलं तेव्हा लक्षात आलं, की आवडीचं, उत्साही संगीत ऐकलं की माणूस जरा तरतरीत होतो आणि त्या तरतरीत कोडी बरी सुटतात. मोझार्टचं त्यात खास काही नाही. व्हॉट्सॲपवर आजही फिरतो तो दावा या ३६ विद्यार्थ्यांच्या दहा मिनिटांवर उभा आहे.

तान्ह्या बाळाला ताल कळतो, हे कळलं कसं?

बोलता न येणाऱ्या जिवाला प्रश्न विचारायचा कसा, ही या क्षेत्रातली मुख्य अडचण. त्यावर संशोधकांनी काही युक्त्या शोधल्या आहेत. बाळ कोणाकडे जास्त वेळ बघतं ते मोजायचं. कोणता आवाज चालू ठेवण्यासाठी ते मान वळवून ठेवतं ते बघायचं. किंवा डोक्याला हलके सेन्सर लावून मेंदूतल्या विद्युतलहरी टिपायच्या.

हंगेरी आणि नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २००९ मध्ये ही तिसरी युक्ती वापरली. दोन-तीन दिवसांच्या, झोपलेल्या १४ बाळांना ड्रमचा एक साधा ठेका ऐकवला. अधूनमधून त्यातला एखादा ठोका गाळला. बिनमहत्त्वाचा ठोका गळला तर मेंदू फारसा दखल घेत नव्हता. आवर्तनाचा पहिला, म्हणजे आपण जिला सम म्हणतो तिथला ठोका गळला, की मात्र लहरींमध्ये ‘इथे काहीतरी यायला हवं होतं’ अशी नोंद उमटत होती.

ताल म्हणजे काय हे यातून नीट समजतं. झोपाळ्यावरच्या मुलाला धक्का देणारा माणूस झोका परत कधी येणार हे आधीच ओळखून हात पुढे करतो. ताल कळणं म्हणजे हेच, पुढचा ठोका यायच्या आधी त्याची वाट बघता येणं. आवाज कानावर पडतो बाहेरून, वाट बघणं मात्र आत चालतं, आणि ते जन्मानंतरच्या दोन-तीन दिवसांतही चालू असतं.

कॅनडातल्या हॅमिल्टन शहरात मॅकमास्टर विद्यापीठ आहे. तिथल्या जेसिका फिलिप्स-सिल्व्हर आणि लॉरेल ट्रेनर यांनी २००५ मध्ये एक सुरेख प्रयोग केला. सात महिन्यांच्या बाळांना असा ठेका ऐकवला, की तो दोन-दोनांतही मोजता येईल आणि तीन-तीनांतही. आपल्याकडे ढोबळमानाने म्हणायचं, तर केरव्यासारखाही आणि दादऱ्यासारखाही. काही बाळांना दर दुसऱ्या ठोक्याला उडवलं, काहींना दर तिसऱ्या. नंतर दोन्ही प्रकारे जोर देऊन तोच ठेका ऐकवला, तर प्रत्येक बाळाला आपल्या अंगाने अनुभवलेला प्रकार जास्त वेळ ऐकायचा होता. डोळे बांधले तरी परिणाम तोच. पण बाळ स्वतः न हलता, समोर कोणी हलतंय हे नुसतं बघत असेल, तर काहीही फरक नाही. म्हणजे बाळ ताल ऐकतं ते कानाइतकंच अंगानेही. मांडीवर घेऊन थोपटणं, पायांवर झुलवणं याचं काम करमणुकीपुरतं नाही हे इथे दिसतं.

पाच महिने ते दोन वर्षं या वयाच्या १२० मुलांवर फिनलंड आणि स्वित्झर्लंडमध्ये झालेल्या एका अभ्यासात (२०१०) असंही दिसलं, की मुलं बोलण्यापेक्षा संगीतावर कितीतरी जास्त डोलतात. अचूक तालात नसेना का, पण गती वाढली की तीही वाढवतात. ज्यांचं डोलणं संगीताशी जास्त जुळत होतं, ती मुलं हसतही जास्त होती.

चिमट्याचा प्रयोग

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. याच मॅकमास्टर विद्यापीठात लॉरा सिरेली, कॅथलीन आयनर्सन आणि लॉरेल ट्रेनर यांनी २०१४ मध्ये केलेला हा प्रयोग जरा तपशिलात सांगते, कारण त्याची सगळी गंमत तपशिलात आहे.

बाळ चौदा महिन्यांचं. एक मदतनीस त्याला पोटावर बांधायच्या झोळीत, तोंड बाहेरच्या बाजूला करून घेते. समोर दुसरी बाई उभी. संगीत सुरू होतं आणि मदतनीस गुडघ्यांत किंचित वाकून बाळाला तालात वरखाली करू लागते. समोरची बाईही बाळाकडे बघत वरखाली होते. निम्म्या बाळांच्या वेळी ती बाळाच्याच तालात हलते. उरलेल्यांच्या वेळी तिची गती वेगळी, म्हणजे जरा जलद किंवा जरा संथ. साधारण अडीच मिनिटांत हा भाग संपतो. दोन्ही गटांत संगीत तेच, बाई तीच, हसणं तेच. फरक फक्त एकत्र हलण्याचा.

मग बाळाला जमिनीवर सोडतात. ती बाई दोरीवर छोटी फडकी वाळत घालू लागते आणि तिच्या हातून चिमटा ‘चुकून’ पडतो. हात पोहोचत नाही असं ती दाखवते. पहिली दहा सेकंदं ती नुसती चिमट्याकडे हात लांबवते. पुढची दहा सेकंदं एकदा चिमट्याकडे, एकदा बाळाकडे बघते. शेवटच्या दहा सेकंदांत ‘माझा चिमटा!’ असं म्हणते. चित्र काढताना पेन पडतं, कागदाचे बोळे टोपलीत टाकताना एखादा बाहेर पडतो, तेव्हाही हेच. बाळ ती वस्तू उचलून तिच्या हातात देतं का, आणि कधी देतं, एवढंच मोजायचं.

ज्या बाळांसोबत ती तालात हलली होती, त्यांनी तिला जास्त वेळा मदत केली. बाळ वर असताना ती खाली, पण गती तंतोतंत जुळलेली, अशी उलट हालचाल केली तरीही मदत वाढली. म्हणजे आरशासारखी नक्कल लागत नाही, वेळ जुळली की पुरे.

दुसऱ्याच्या उपयोगी पडणाऱ्या अशा वागण्याला या शास्त्रात परोपकारी वर्तन म्हणतात. शब्द जड आहे, पुढे मी सरळ ‘मदत’ म्हणेन. चालता येऊन फार दिवस न झालेलं, वाक्य बोलता न येणारं मूल एका अनोळखी बाईला मदत करायची की नाही हे ठरवतं, आणि त्यात अडीच मिनिटांच्या तालाचा वाटा असतो, हे वाचून मी थक्क झाले होते. अजूनही होते.

‘बाळाचा मूड चांगला झाला असेल, म्हणून केली मदत’

ही शंका अगदी रास्त आहे आणि संशोधकांनाही ती आली. मूड हेच कारण असेल, तर खुशीत असलेलं बाळ कोणालाही मदत करेल. म्हणून त्यांनी चिमटा पाडायला एका तिसऱ्याच बाईला बसवलं, जी बाळासोबत हललीच नव्हती. तिच्या वाट्याला जास्तीची मदत आली नाही. ती राखून ठेवली होती तालात हललेल्या बाईसाठी.

२०१६ मध्ये हाच गट एक पाऊल पुढे गेला. आधी बाळांसमोर दोन बायकांनी मैत्रिणींसारख्या गप्पा मारल्या. त्यातली एक मग बाळासोबत तालात हलली. मदतीची परीक्षा घेतली दुसरीची. आता मात्र बाळांनी तिलाही जास्त मदत केली. दोघी एकमेकींशी न बोलता आपापल्या कामात असल्या, तर हा फायदा मिळाला नाही. चौदा महिन्यांचं मूल ‘आपल्या माणसाचं माणूस’ इथपर्यंत हिशोब करतं.

आणि संगीताशिवाय? तेही करून पाहिलं (२०१७). गाण्याऐवजी पानं-पाखरांसारखे, ठेका नसलेले निसर्गातले आवाज लावले आणि तसंच हलले. मदत तरीही वाढली. पण बाळं जास्त किरकिरली आणि मदत करायला वेळ लावला. यावरून संशोधकांचा अंदाज असा, की जवळीक घडवतं ते एकत्र हलणं, आणि त्या हलण्यात बाळाला रमवून ठेवतं ते संगीत. ‘संगीताने मुलं दयाळू होतात’ अशा सरळ वाक्यापेक्षा हे उत्तर गुंतागुंतीचं आहे. मला ते म्हणूनच जास्त विश्वासार्ह वाटतं.

गाणं म्हणजे ओळखीची खूण

ताल झाला, आता सूर. हार्वर्ड विद्यापीठात सॅम्युअल मेर, ली ॲन सॉंग आणि एलिझाबेथ स्पेल्की यांनी पाच महिन्यांच्या बाळांवर केलेला अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. बाळांसाठी दोन नवी गाणी होती. शब्द सारखे, लयही सारखी, चाल तेवढी वेगळी. एक-दोन आठवडे बाळांनी त्यातलं एक गाणं घरी ऐकलं. काहींना ते आईने किंवा वडिलांनी म्हणून दाखवलं. काहींना ते खेळण्यातून ऐकू आलं. काहींना एका प्रेमळ पण अनोळखी व्यक्तीने आधी प्रत्यक्ष आणि मग व्हिडिओवरून म्हणून दाखवलं.

नंतर प्रयोगशाळेत बाळाला दोन संपूर्ण नवी माणसं दाखवली. एकाने ओळखीची चाल म्हटली, दुसऱ्याने अनोळखी. मग दोघं गप्प राहून बाळाकडे हसत बघत राहिली. ज्यांनी गाणं आईबाबांकडून ऐकलं होतं, ती बाळं ओळखीची चाल म्हणणाऱ्या माणसाकडे जास्त वेळ बघत राहिली. घरी गाणं जितकं जास्त म्हटलं होतं, तितकी ही ओढ जास्त. खेळण्यातून किंवा परक्या व्यक्तीकडून ऐकलेल्या बाळांमध्ये ही ओढ दिसली नाही.

खेळण्यातलं गाणं त्यांना लक्षातच राहिलं नसेल, असं वाटणं साहजिक आहे. पण आठ महिन्यांहून अधिक काळाने तपासलं तेव्हा या बाळांनाही ती चाल ओळखता येत होती. आठवण होती, जिव्हाळा नव्हता.

असं का असेल? विचार केला तर पटतं. घरच्या माणसांना येणारं गाणं एखाद्या अनोळखी माणसाला येत असेल, तर तो बहुधा आपल्याच गोतावळ्यातला. गाणं कोणी कोणाला तरी शिकवल्याशिवाय येत नाही. पुढे सिरेली आणि सँड्रा ट्रेहब यांनी दाखवलं, की चौदा महिन्यांची मुलं ओळखीचं गाणं म्हणणाऱ्या अनोळखी व्यक्तीला मदतही जास्त करतात. चार-पाच वर्षांच्या मुलांवरच्या एका अभ्यासात (गाये सोले आणि स्पेल्की, २०१६) तर अजून बारीक भेद दिसला. मित्र निवडताना मुलांना ‘मला आवडतं तेच गाणं याला आवडतं’ यापेक्षा ‘मला येतं तेच गाणं याला येतं’ हे जास्त महत्त्वाचं वाटलं.

मग मोबाईलवर गाणं लावायचंच नाही का?

लावा की. रेकॉर्ड केलेल्या गाण्याचाही उपयोग आहे, फक्त तो वेगळ्या कामासाठी. माँट्रियलमध्ये वर्षाच्या आतल्या बाळांना त्यांनी कधीच न ऐकलेल्या तुर्की भाषेतली रेकॉर्डिंग ऐकवली. नुसतं बोलणं ऐकताना बाळं जितक्या वेळात रडकुंडीला आली, त्याच्या जवळपास दुप्पट वेळ ती गाणं ऐकत शांत राहिली. आंघोळ उरकायची आहे, कुकर लावायचा आहे, कडेवर घ्यायला घरात दुसरं कोणी नाही, अशा वेळी स्पीकरवर अंगाई लावणाऱ्या आईने स्वतःला दोष देण्याचं काहीही कारण नाही.

पण बाळाला शांत ठेवणं आणि त्याच्याशी नातं जोडणं ही दोन वेगळी कामं आहेत. हॅमिल्टनमध्येच सहा महिन्यांच्या बाळांसाठी दर आठवड्याचे वर्ग सहा महिने चालवून पाहिले होते (निष्कर्ष २०१२). एका प्रकारच्या वर्गात पालक आणि बाळं मिळून अंगाई, हातवाऱ्यांची गाणी म्हणत, खुळखुळे-ढोलकी वाजवत. दुसऱ्या प्रकारात बाळं खेळत आणि पाठीमागे बाळांसाठीचं तयार संगीत वाजत राही. वर्षाची होईपर्यंत पहिल्या गटातली मुलं बोट दाखवणं, टाटा करणं असे इशारे जास्त करत होती, जास्त हसत होती, आणि अनोळखी गोष्टीला कमी बुजत होती. एक सावधगिरी मात्र हवी: यातली बरीचशी माहिती पालकांनीच भरून दिलेल्या प्रश्नावल्यांतून आली आहे, आणि आपल्या बाळाबद्दल लिहिताना कोणाचाही हात जरा सैल होतो.

महागड्या क्लासची गरज यातून सिद्ध होत नाही. पहिल्या गटाने जे केलं ते बैठकीच्या खोलीत सतरंजी टाकून करता येतं.

गर्भसंस्काराचं काय?

गर्भाला शेवटच्या काही महिन्यांत ऐकू येतं, हे खरं आहे. ऐकलेलं काही काळ लक्षातही राहतं. हेलसिंकीतल्या संशोधकांनी गरोदर बायकांना शेवटच्या तिमाहीत आठवड्यातून पाच दिवस ‘ट्विंकल ट्विंकल’ची चाल वाजवायला सांगितली होती. जन्मानंतर आणि पुन्हा चार महिन्यांनी बाळांच्या मेंदूतल्या लहरी तपासल्या, तर ती चाल न ऐकलेल्या बाळांपेक्षा यांचा प्रतिसाद वेगळा होता (२०१३).

म्हणजे ओळख राहते. ओळख राहिली म्हणून बुद्ध्यांक वाढतो, स्वभाव शांत होतो, मूल संस्कारी निपजतं, हे दावे त्या प्रयोगात कुठेही नाहीत. हजारो रुपयांचं पॅकेज विकणाऱ्यांना हा फरक सांगायचा नसतो. पोटावर हेडफोन लावायचीही काही गरज नाही. आईचा स्वतःचा आवाज तिच्या शरीरातून बाळापर्यंत जातोच.

‘माझा आवाज बेसूर आहे हो’

हे वाक्य आया कमी बोलतात, वडील जास्त. वर सांगितलेल्या पाच महिन्यांच्या बाळांच्या प्रयोगात गाणारे पालक कोणी गायक नव्हते. बाळाशी गाताना माणसं आपोआप काही गोष्टी करतात. लय जरा संथ होते, सूर चढतो, आवाजात हसू येतं, तीच ओळ पुन्हा पुन्हा येते. बाळाला हवं असतं ते हेच.

२०२५ मध्ये येल आणि ऑकलंड विद्यापीठांतल्या संशोधकांनी ११० कुटुंबांसोबत केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. बहुतेक बाळं चार महिन्यांच्या आतली. काही पालकांना जास्त गायला उत्तेजन दिलं, नवी गाणी सुचवली, आणि दिवसभरात फोनवर छोटे प्रश्न पाठवून बाळाचा मूड कसा आहे हे विचारत राहिले. गाणं वाढलं, आणि त्या बाळांचा एकूण मूडही थोडा सुधारला. मला यातली एक बाब फार बोलकी वाटते. जास्त गा, एवढंच त्यांना सांगितलं होतं. बाळ रडत असताना गा, असं कोणीही सांगितलं नव्हतं. तरी पालक त्याच वेळी गाण्याकडे वळले.

वडिलांनी, आजोबांनी गाणं म्हणजे बायकी काम समजून बाजूला राहू नये, असं मला मनापासून वाटतं. बाळाला वडिलांच्या आवाजातलं गाणंही आपल्या माणसाचं गाणं म्हणूनच ऐकू येतं.

जरा मोठ्या मुलांमध्ये, आणि हे सगळं कितपत पक्कं?

जर्मनीतल्या लाइपझिगमध्ये सेबास्टियन किर्शनर आणि मायकेल टोमासेलो यांनी चार वर्षांच्या ९६ मुलांच्या जोड्या लावल्या. निळ्या कापडाचं तळं, त्यात झोपलेले लाकडी बेडूक. काही जोड्यांनी गाणं म्हणत, ठेका धरत बेडकांना जागं केलं. इतरांनी तोच खेळ संगीताविना खेळला. नंतर एका मुलाच्या हातातल्या नळीतून गोट्या घरंगळतील अशी व्यवस्था केली होती. सोबत गायलेल्या जोडीदारांनी आपला खेळ सोडून गोट्या वेचायला जास्त वेळा मदत केली (२०१०). त्याआधीच्या वर्षी याच दोघांनी दाखवलं होतं, की अडीच वर्षांचं मूलही माणसासोबत ढोल वाजवताना ताल जास्त चांगला सांभाळतं, यंत्रासोबत तितका नाही.

पण किर्शनर यांनीच पुढे ब्राझीलच्या संशोधिका बियात्रिझ इलारी यांच्यासोबत ब्राझील आणि जर्मनीतल्या लहान मुलांना एकत्र ढोल वाजवायला लावला, तेव्हा मदतीवर काहीही परिणाम दिसला नाही. निबंधाच्या शीर्षकातच त्यांनी ते लिहून टाकलं (२०१४). टोरंटोत सहा वर्षांच्या १४४ मुलांना वर्षभर वेगवेगळे वर्ग दिले (ग्लेन शेलेनबर्ग, २००४). संगीत शिकणाऱ्यांचा बुद्ध्यांक इतरांपेक्षा दोन-तीन गुणांनी जास्त वाढला. वागण्या-मिसळण्यात सुधारणा मात्र झाली ती नाटक शिकणाऱ्या मुलांची!

माझं वाचन असं आहे: एकट्याने पेटीवर अलंकार घोटणं आणि चौघांनी मिळून गाणं या वेगळ्या गोष्टी आहेत. नाटकाच्या वर्गात समोरच्याकडे बघावं लागतं, त्याच्या वाक्याची वाट बघावी लागते. संगीताचा जो भाग मुलांना एकमेकांजवळ आणतो, तोही असाच आहे. शेलेनबर्ग यांनीच २०१५ मध्ये शाळेत गटाने संगीत शिकणाऱ्या मुलांचा अभ्यास केला, तेव्हा सहानुभूती आणि मदतीची वृत्ती वाढलेली दिसली, पण ज्यांची ती मुळात कमी होती त्यांच्यातच.

आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. यातले बरेच प्रयोग काही डझन मुलांवरचे आहेत आणि परिणाम मोजला आहे तो काही मिनिटांनी. वर्षा-दोन वर्षांनी तेच मूल जास्त मनमिळाऊ होतं, असा निष्कर्ष त्यातून काढता येत नाही. तसं सांगून कोणी काही विकत असेल, तर विकत घेऊ नका.

हे सगळं तिकडच्या मुलांचं. आपल्या मुलांचं काय?

तान्ही मुलं जगातल्या सगळ्या तालांसाठी तयार असतात, असं म्हणायला एक चांगला आधार आहे. एरिन हॅनन आणि सँड्रा ट्रेहब यांनी उत्तर अमेरिकेतल्या सहा महिन्यांच्या बाळांना बाल्कन प्रदेशातले विषम मात्रांचे ठेके ऐकवले. सातच्या हिशोबाचे ठेके आपल्याला सात मात्रांच्या रूपक तालामुळे परके नाहीत, त्या अमेरिकन घरांत मात्र ते कधी वाजत नव्हते. बाळांना त्यातला बिघाड बरोबर कळला. मोठ्या अमेरिकन माणसांना कळला नाही. बल्गेरिया-मॅसेडोनियाकडून आलेल्या मोठ्यांना कळला. बारा महिन्यांची बाळं तोवर आपल्या मोठ्यांसारखी झाली होती. पण घरी दोन आठवडे तसं संगीत ऐकवल्यावर त्यांचा कान पुन्हा उघडला. मोठ्यांचा उघडला नाही (२००५).

म्हणजे कोणतं गाणं कानावर पडतं यावरून मुलाचं ‘आपलं’ पहिल्या वर्षातच आकार घेऊ लागतं. मला हाच मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण त्याला दुसरी बाजू आहे. ‘आपलं’ ठरलं, की ‘परकं’ही ठरतं. ज्या बाईसोबत ताल जुळला नाही, तिला बाळाने कमी मदत केली होती. ज्याला आपलं गाणं येत नाही, तो मित्र म्हणून मागे पडला होता.

आता महाराष्ट्रातली एखादी अंगणवाडी घ्या. मेळघाटात मुलं घरी कोरकू ऐकून येतात, गडचिरोलीत गोंडी किंवा माडिया, नंदुरबारला पावरी किंवा भिली. साखर कारखान्याच्या परिसरात ऊसतोडीला आलेल्या कुटुंबांची मुलं अर्ध्या वर्षापुरती येतात. शहरातल्या बालवाडीत बिहारहून आलेल्या बांधकाम मजुराचं मूल असतं. तिथे रोज तीच चार-पाच प्रमाण मराठी बडबडगीतं होत असतील, तर ज्याला ती घरून येतात तो आपला ठरतो आणि ज्याला येत नाहीत तो कोपऱ्यात बसतो. तीन वर्षांच्या मुलाला भाषा शिकायला वेळ लागेल. गाणं त्याआधी येतं, आणि टाळी तर पहिल्याच दिवशी.

म्हणून सेविकाताईंना माझी सुचवण अशी: आठवड्यातून एकदा एखाद्या मुलाच्या आईला किंवा आजीला बोलवावं, त्यांच्या घरचं गाणं सगळ्यांना शिकवायला सांगावं, आणि ते एकदाच म्हणून सोडू नये. रोजच्या गाण्यांत घ्यावं, सगळ्यांना पाठ होईपर्यंत. गोलात उभं राहून, हात धरून, एका ठेक्यावर पाय आपटत म्हणावं. भोंडल्याच्या फेराचा घाट मुलांच्या अंगवळणी पडायला सोपा आहे आणि त्यात कोरकू गाणंही बसतं, भोजपुरीही. मराठी घरांतल्या मुलांनाही त्याने तोटा नाही. त्यांना जास्त गाणी येतील, आणि जास्त मुलं त्यांची होतील.